रंभाच्या स्टुलावर

ज्योतीराम त्या स्टुलावर बसायला लागला तेव्हा ते कुणाचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ते त्याच्या बायकोचं होतं. रंभा चैत्रात विषमज्वराने गेली आणि वैशाखात कंपनीने तिची जागा नवऱ्याला दिली.

कंपनी म्हणजे कासारवाडीच्या रुळांपलीकडची निर्मल लॅबोरेटरी. तिथे इंजेक्शनचं पाणी तयार व्हायचं. करंगळीएवढ्या काचेच्या कुप्यांत ते भरायचं, कुपीचं तोंड जाळावर वितळवून बंद करायचं आणि पुढे पाठवायचं. आसपासचे लोक तिला पाण्याची कंपनी म्हणत आणि हसत. फुकटचं पाणी विकून एवढी मोठी चिमणी बांधली, म्हणत.

पण पाठवण्याआधी प्रत्येक कुपी माणसाच्या डोळ्यांखालून जायची. त्यासाठी एक लांब टेबल होतं. टेबलावर दिवे आणि दिव्यांमागे फळी. फळी अर्धी काळी, अर्धी पांढरी. काळ्यावर पांढरा धागा दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. टेबलाला बायका ओळीने बसत. कुपी उचलायची, उलटी करून गरकन फिरवायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. आत काही तरंगताना दिसलं तर ती लाल खोक्यात जायची, नाही दिसलं तर ट्रेमध्ये. दिवसभर हेच.

हे काम बायकांचं. ज्योतीराम तिथला एकटा पुरुष. तो मूळचा बीडकडचा, दापोडीच्या एका लाकडाच्या वखारीत हमाली करायचा. त्याचे हात ओंडके उचलायचे, कुप्या नाही. रंभा गेल्यावर टेबलाचे सुपरवायझर उद्धवराव घरी भेटायला आले होते. काही मदत लागली तर सांगा, असं सगळे म्हणतात तसं तेही म्हणाले.

"तिचं स्टूल द्या," ज्योतीराम म्हणाला.

उद्धवरावांना वाटलं, तो नोकरी मागतोय. त्यांनी मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला. आपण स्टूल का मागितलं हे ज्योतीरामला सांगता आलं नसतं. तेव्हा त्याला काहीच वाटत नव्हतं. चितेला अग्नी देतानाही तो रडला नव्हता. माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि मग आपापल्या घरी गेली.

पहिल्या दिवशी सोजराबाईंनी त्याचं स्वागत केलं. टेबलावरची ही सगळ्यात जुनी बाई. भोसरीची, तोंडाने फटकळ.

"या दाजी," त्या म्हणाल्या. "रंभी आमची भन व्हती. मंग तुमी आमचं दाजी. पर कुप्या फोडल्या तर नातं तुटलं, आधीच सांगून ठेवते."

शेजारच्या स्टुलावर मुमताज बसायची. तिचा नवरा बरकत रेल्वे फाटकाजवळ सायकली दुरुस्त करायचा. रंभाचं आणि तिचं जमायचं. कुपी दोन बोटांत कशी धरायची, मनगट कसं फिरवायचं, हे सगळं तिनेच ज्योतीरामला दाखवलं.

सुरुवातीला त्याचं भलतंच झालं. त्याला जिथे तिथे कचरा दिसायचा. हवेचा बुडबुडा दिसला की कुपी लाल खोक्यात. काचेवर दिव्याचा कवडसा पडला की लाल खोक्यात. संध्याकाळपर्यंत खोकं उतू जायचं.

"ज्योतीराम, चांगला माल टाकताय तुम्ही," उद्धवराव म्हणाले. "नजर भिरभिरतेय तुमची. नजर स्थिर ठेवा. एका जागी."

"होय साहेब."

"ही जागा रंभाबाईंमुळे मिळाली. टिकवायची मात्र तुम्हालाच. नाही जमलं तर मी तुम्हाला धुलाईत टाकीन. पगार तोच राहील, काळजी करू नका. फक्त इथं दुसरं कुणी बसेल."

धुलाई म्हणजे रिकाम्या कुप्या धुण्याचं खातं. तिथे वाफ होती आणि उभ्याने काम होतं. ज्योतीरामला वाफेचं काही नव्हतं. पण इथं दुसरं कुणी बसेल, हे वाक्य त्याच्याबरोबर घरापर्यंत आलं.

घर म्हणजे एक खोली. शेजारच्या खोलीत आबाजी राहायचे. गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा. पहाटे उठून आसनं करायचा आणि सगळ्या चाळीला त्याचे फायदे सांगायचा. ज्योतीरामने त्यांना विचारलं, "आबा, नजर एका जागी कशी ठेवायची?"

आबाजींना इतकं सरळ कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते हरखले. "त्राटक!" म्हणाले. लगेच काजळी आणि एरंडेल कालवून घेऊन आले. दारातून उजेड कुठे पडतो ते त्यांनी पाहिलं आणि चुलीशेजारची भिंत निवडली. "ही भिंत बरी," म्हणून, खाली बसल्यावर येईल अशा डोळ्यांच्या उंचीवर, हरभऱ्याएवढा काळा ठिपका काढला.

त्या भिंतीवर आधीच एक डाग होता. रंभाच्या केसांच्या तेलाचा. भाकरी फुगेपर्यंत ती तिथे डोकं टेकून बसायची. चुन्यावर तळहाताएवढा पिवळट, मळकट गोल उमटला होता. आबाजींचा ठिपका त्याच्यापासून वीतभर अंतरावर आला.

"ठिपक्याकडे बघायचं. पापणी लववायची नाही," आबाजी म्हणाले. "पाणी आलं तरी येऊ द्यायचं. मनसुद्धा तिथंच बांधायचं."

ज्योतीराम रोज कामावरून आला की बसायचा. डोळ्यांतून पाणी वाहायचं. दारावरून जाणाऱ्या बायकांनी ते पाहिलं. रडला एकदाचा, असं त्या एकमेकींना म्हणाल्या आणि त्यांना बरं वाटलं. तो रडत नव्हता. तो ठिपक्याकडे बघत होता.

थोड्या दिवसांत त्याला ते साधलं. ठिपक्यावर नजर रोवली की आजूबाजूचं एकेक जायला लागायचं. आधी तेलाचा डाग जायचा. मग भिंतीवरची खुंटी, मग कोनाडा, मग चुलीची कड. शेवटी करड्या धुक्यात फक्त काळा ठिपका उरायचा. ज्योतीरामला हे आवडलं. घरात कुणी नाही हे तेवढा वेळ दिसायचं नाही, कारण घरच दिसायचं नाही.

तीच नजर तो टेबलावर घेऊन गेला.

आता तो कुपी फिरवायचा आणि पाणी थांबेपर्यंत थांबायचा. हलत्या पाण्यात काय दिसणार, असं त्याला वाटे. मग तो कुपीच्या मधोमध नजर रोवायचा आणि पापणीही न लववता बघायचा. कुपी स्वच्छ असायची. पुढची उचलायची. तीही स्वच्छ. लाल खोकं रिकामं राहायला लागलं. उद्धवराव मागून जाताना थांबले आणि म्हणाले, "हं. आता बसली नजर."

सोजराबाई मात्र वाकून वाकून त्याच्याकडे बघायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही. "दाजी, काय बघताय एवढं? कुपीसंगं लगीन लावताय का काय?"

सगळ्या हसल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हसणं थांबलं. सोजराबाईंनी स्वतःच्याच तोंडावर हळूच चापट मारली. ज्योतीरामने ऐकलं होतं. त्याला काही वाटलं नाही. त्याने पुढची कुपी उचलली.

माल बाहेर जाण्याआधी उद्धवराव प्रत्येक ट्रेमधल्या थोड्या कुप्या पुन्हा बघायचे. आठवड्याच्या शेवटी त्यांनी ज्योतीरामचा ट्रे घेतला. पहिल्याच कुपीत काचेची कणी होती. पुढच्या कुपीत धागा. त्यांनी तिथेच खुर्ची ओढली आणि सगळा ट्रे बघितला. मग ज्योतीरामला बोलावलं आणि एक कुपी त्याच्या हातात दिली.

"काय दिसतं?"

ज्योतीरामने नजर रोवली. "काही नाही साहेब."

उद्धवरावांनी कुपी त्याच्या हातातून घेतली, गरकन फिरवली आणि पुन्हा दाखवली. आत काचेची कणी चमकत गिरक्या घेत होती. खालच्या बाजूला, कडेला. ज्योतीराम बघत राहिला. पाणी शांत झालं. कणी विरत गेली आणि दिसेनाशी झाली.

"हे पाणी माणसाच्या नसेत जातं," उद्धवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सोमवारी मी तुम्हाला एक ट्रे देईन. त्यात खराब कुप्या मिसळलेल्या असतील. त्या निघाल्या तर राहा. नाही निघाल्या तर धुलाई. माझा इलाज नाही ज्योतीराम."

आपल्याला आंधळेपण येतंय असं ज्योतीरामला वाटलं. त्याची आई शेवटी आंधळी झाली होती. पण त्याहून आधी त्याला वाटलं ते हे, की आपण नजर पुरेशी स्थिर ठेवत नाही. त्या संध्याकाळी तो ठिपक्यासमोर अंधार पडेपर्यंत बसला. खोली लवकरच दिसेनाशी झाली. कंदील लावायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुमताज काही ऐकून घ्यायला तयार नव्हती. "अल्ला, पापणी तरी मारा, दाजी. मुडद्यासारखं बघता. चिंचवडला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, आज अर्ध्या दिवसाची सुट्टी आहे. बरकतची सायकल घ्या आणि जा."

"मुडद्यासारखं कसं?"

"आरशात बघा म्हणजे कळेल," ती म्हणाली आणि तिने सायकलची किल्ली पुढे केली.

डॉक्टर मध्यमवयीन होते. त्यांनी आधी अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. ज्योतीरामला अक्षरं थोडी येत होती, तेवढी त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. डॉक्टरांनी बत्ती लावून त्याच्या डोळ्यांत आत पाहिलं. मग काम काय करता, दिवसभर काय करता, असं विचारत गेले. त्राटकाचं कळल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला. मधोमध शाईचा ठिपका काढला. बाजूला पेन्सिलीची पूड बोटाने पुसट फासली.

"ठिपक्याकडे बघा. तुमच्या आबाजींनी शिकवलं तसं."

ज्योतीराम बघत राहिला. पेन्सिलीचा डाग गेला.

"गेला?"

"गेला."

"आता नजर जरा हलवा."

डाग परत आला. डॉक्टरांनी कागद आपल्याकडे वळवला आणि स्वतः बघितलं. "माझाही जातो. मला फक्त तुमच्यापेक्षा वेळ लागतो. तुमचा सराव दांडगा आहे."

"मंजे मी आंधळा व्हायलो नाही?"

"नाही हो. डोळे उत्तम आहेत. तुम्ही त्यांना हलू देत नाही, एवढंच."

मग त्यांनी सांगितलं. डोळा कधी थांबत नाही. आपण टक लावतो तेव्हासुद्धा तो आत थरथरत असतो, केसाच्या जाडीहूनही कमी, आणि मधूनच बारीक उडी मारतो. हे आपण करत नाही, ते होतं. आपल्याला कळतही नाही. "डोक्यावर टोपी असते. घातल्यावर थोड्या वेळाने जाणवते का? नाही. जरा सरकवली की जाणवते. डोळ्याचं तसंच आहे. तो सारखी टोपी सरकवतो. तेच ते, तिथल्या तिथे राहिलं, की तो ते सांगणं बंद करतो."

विलायतेत तीन-चार वर्षांपूर्वी याचे प्रयोग झाले, असंही ते म्हणाले. माणसाच्या डोळ्यावर भिंग बसवलं आणि डोळा हलला की समोरचं चित्रही तितकंच हलेल अशी सोय केली. म्हणजे डोळ्यापुरतं चित्र थांबलं. काही क्षणांत ते पुसलं गेलं. माणूस जागा, डोळे उघडे, चित्र समोर. आणि त्याला काही दिसेना.

"तुमचा डोळा तसा पूर्ण थांबलेला नाही. कुणाचा थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही त्याची हालचाल बरीच कमी केलीत. मग कडेचं आणि फिकट असेल ते आधी जातं. कुपीतली कणी कडेलाच असते ना?"

"मग त्राटक?"

"त्राटक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण घरी एक सवय आणि टेबलावर दुसरी, असं चालत नाही. स्टूल हवं असेल तर ते सोडा."

आंधळेपण नाही म्हटल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. ज्योतीराम सायकल हातात धरून चालत निघाला. बसायचं त्याला सुचलं नाही. त्राटक सोडलं की संध्याकाळी खोली दिसत राहणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या संध्याकाळी तो ठिपक्याकडे पाठ करून बसला, आणि रविवारीही.

सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी त्याने मुमताजला विचारलं, "रंभा कशी बघायची?"

मुमताज त्याच्याकडे वळली. सुरुवातीचे दिवस सोडले तर रंभाचं नाव कुणी त्याच्यासमोर काढत नव्हतं.

"रंभा? ती कुठं एका जागी बघायची!" ती म्हणाली. "इकडं बघ, तिकडं बघ, खिडकीतून रेल्वे बघ. माझी नवी बांगडी तिला दिसणार, साहेबांच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं तिला दिसणार. कुपी फिरवली की वर, खाली, कडेला, अशी नजर पळायची. वरून तोंड चालूच. साहेब ओरडायचे, रंभाबाई, लक्ष कुठं आहे? आणि कुपीतला कचरा तर तिच्याकडून कधी सुटला नाही."

"घरी मी पण ओरडायचो," ज्योतीराम म्हणाला.

तो ओरडायचा हे खरं. जेवताना तो काही सांगत असायचा आणि तिची नजर चुलीवर, दारावर, मांजरावर. माणूस बोलतंय तर माणसाकडं बघावं, तो म्हणायचा. ती म्हणायची, बघते की. सगळीकडं बघते, त्यात तुम्ही पण येता.

उद्धवरावांनी ट्रे आणून ठेवला आणि ते मागे हात बांधून उभे राहिले. ज्योतीरामने पहिली कुपी उचलली. फिरवली. या वेळी पाणी थांबायची वाट पाहिली नाही. पण नजर सवयीने मधोमध जाऊन बसली. तिला उठवायचं कसं हे त्याला कळेना. कुपी त्याने ट्रेमध्ये ठेवली नाही, खोक्यातही नाही. हातातच धरून राहिला.

"सोजराबाई," तो म्हणाला, "काहीतरी बोला की."

"आता? साहेब उभं हायती."

"बोला."

सोजराबाईंनी उद्धवरावांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"काय बोलू? काल आमच्या शेळीनं कारभाऱ्याचा पटका खाल्ला. नवा. ह्यांनी पाव्हन्याकडं जायला बाजूला काढून ठिवलेला. अर्धा तिच्या पोटात आन् अर्धा तोंडाभाईर. हे वढत्यात इकडून, ती वढतीय तिकडून. म्या म्हनलं, सोडा आता, तिला चांगला दिसतुया."

मुमताज फिसकन हसली. ज्योतीरामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग सोजराबाईंकडे, मग हातातल्या कुपीकडे. कुपीच्या खालच्या कडेला एक धागा वळवळत होता. त्याने ती लाल खोक्यात टाकली.

पुढे तो तसाच बघत गेला. वर, खाली, कडेला. मध्येच खिडकी. मध्येच सोजराबाईंचं तोंड, ते चालूच होतं. शेळी आता सोडून दिली होती आणि विषय सुनेवर आला होता. कुपी फिरायची, कणी चमकायची. नजर थांबायला लागली की तो तिला हलवायचा. हे सोपं नव्हतं. नजर हलली की कुपीबरोबर बाकीचंही दिसत होतं. टेबलाच्या कडेला कुणीतरी नखाने कोरलेलं एक फूल दिसलं. तो इतके दिवस त्याच टेबलाशी बसत होता. फूल कुणी कोरलं हे त्याने विचारलं नाही.

उद्धवरावांनी लाल खोकं तपासलं. त्यांना वेळ लागला.

"निघाल्या सगळ्या," ते म्हणाले. "एक बुडबुडेवाली उगाच टाकलीत. असू दे. चुकायचं तर त्या बाजूला चुका." जाता जाता ते वळले. "मीच म्हणालो होतो, नजर स्थिर ठेवा म्हणून."

"होय साहेब."

उद्धवरावांनी ट्रे उचलला आणि ते पुढे गेले.

"ऱ्हायलं म्हनायचं नातं," सोजराबाई म्हणाल्या आणि पदराआड मिश्रीची डबी चाचपली.

संध्याकाळी ज्योतीरामने ओल्या फडक्याने भिंतीवरचा ठिपका पुसला. एरंडेलातली काजळी होती, ती नीट निघाली नाही. पसरली आणि मग राखाडी झाली. तो नेहमीच्या जागी बसला. नजरेला बसायला जागा नव्हती. ती खुंटीवर गेली. तिथे रंभाचं कामावरचं लुगडं होतं. कोनाड्यात गेली. तिथे फणी होती आणि फणीत केस. चुलीवर गेली. मग तेलाच्या डागावर आली. डाग होता तिथेच होता, काही झालं तरी जात नव्हता. डागावर नजर रोवावी असं त्याला वाटलं. रोवली असती तर बाकीचं सगळं गेलं असतं.

दारातून आबाजींनी विचारलं, "काय रे, आज बसला नाहीस?"

"नाही आबा."

"मग काय करतोयस?"

"बघायलोय."

आबाजी निघून गेले.

ज्योतीराम उठला. चुलीजवळ गेला आणि भिंतीला टेकून बसला. त्याचं डोकं डागाच्या वर येत होतं. तो खाली सरकला. आणखी थोडा सरकला, तेव्हा डोकं डागावर आलं. तिथून दार दिसत होतं, दारातला उजेड दिसत होता, आणि चुलीसमोर तो जिथे जेवायला बसायचा ती जागा दिसत होती. डोळ्यांत पाणी आलं. त्याने पापणी लववली. पाणी थांबलं नाही.